मास्तर नाही म्हणून गाडी नाही का?

परवा आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक जुनीच गोष्ट पुन्हा फिरत आली. तुम्हीही वाचली असेल. जपानमधल्या होक्काइडो बेटावर क्यू-शिराताकी नावाचं एक एवढंसं स्टेशन. तिथं ना मास्तर, ना हमाल. आणि तिथून शाळेला जाणाऱ्या एका मुलीसाठी म्हणे रेल्वेनं ते स्टेशन चालू ठेवलं! गोष्टीला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाता जाता बरीच फोडणी बसली होती हे खरं. पण स्टेशन खरं होतं, तिथं कर्मचारी नव्हता हे खरं, एक मुलगी तिथून शिकायला जात होती हेही खरं. २०१६ च्या मार्चमध्ये, तिचं शाळेचं शेवटचं वर्ष संपत असतानाच, ते स्टेशन बंद झालं.

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. एकीनं लिहिलं, "किती गं माणुसकी! आपल्याकडं असं कधी होईल?" दुसरीनं लगेच चिमटा काढला, "आपल्याकडं आधी रेल्वे तर येऊ दे!"

तिचंही खरंच आहे. आमच्या रिसोडला रेल्वे नाही. तालुक्याचं गाव, मोठी बाजारपेठ, पण रेल्वेत बसायचं तर आधी एसटीनं वाशीम गाठायचं. वाशीमवरून अकोला-पूर्णा लाइन जाते. पूर्वी ती मीटरगेज होती, २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. रिसोडच्या कितीतरी मुलींनी आयुष्यातली पहिली रेल्वे लग्नानंतर पाहिली. आमच्याकडं 'गाडी' म्हणजे एसटीच!

पण मला ती जपानची गोष्ट वाचून हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मला आमची आत्या आठवली. कारण अगदी तसंच एक स्टेशन आमच्या वाशीम जिल्ह्यात होतं. एक कशाला, ओळीनं होती. आणि तिथून जाणारी 'मुलगी' तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची होती, डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन!

*

शकुंतला तुम्हाला माहीत असेलच. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला येणारी छोट्या रुळांची गाडी. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. मूर्तिजापूरहून तिचा दुसरा फाटा दर्यापूरजवळचं बनोसा, अंजनगाव, पथ्रोट असा अचलपूरला जायचा. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६. वाशीम जिल्ह्याच्या वाट्याला तिचं कारंजा आलं आणि त्याच्या आजूबाजूची पोह्यासारखी लहान लहान स्टेशनं.

माझ्या आत्याचं सासर अशाच एका स्टेशनाला लागून. गावाचं नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. "माह्यं नाव पेपरात कायले?" म्हणेल. कारंजा आणि मूर्तिजापूरच्या मध्ये कुठंतरी, एवढं पुरे.

१९९३ चा उन्हाळा. माझी कॉलेजची परीक्षा झाली होती. आत्याचा निरोप आला, "कुरडया-पापड करायचे हाय, पोरीले पाठवा." आत्याला मूलबाळ नाही. मामंजी, म्हणजे तिचे यजमान, फार लवकर गेले. दीर-जावांच्या घरात एक खोली आणि विहिरीजवळचा भाजीचा तुकडा, एवढा तिचा संसार. बाबांनी मला कारंज्यापर्यंत आणून सोडलं आणि तिथून दिराच्या मुलानं बैलगाडीनं घरी नेलं.

आठ दिवस कुरडया झाल्या, शेवया झाल्या, मुगवड्या झाल्या. नवव्या दिवशी पहाटे आत्यानं मला हलवलं. "ऊठ वं पोरी, आज कारंज्याच्या बाजाराले जाचं हाय. गाडीनं जाऊ."

स्टेशन म्हणजे गावाबाहेर, कडुनिंबाखाली एक कौलारू खोली. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव. तिकिटाच्या खिडकीला आतून फळी लावलेली, दाराला कुलूप, कुलपावर गंज. फलाटावर तीन शेळ्या आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पऱ्हाट्या. माणूस म्हणून कुणी नाही! मी घाबरलेच. वीस वर्षांची होते, पण तोवर एकटीनं वाशीमलाही गेले नव्हते.

"आत्या, स्टेशन बंद आहे गं. चल परत."

आत्यानं टोपलं खाली ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि अशी हसली म्हणता! "अवं, मास्तर नाई म्हून गाडी नाई काय?"

हळूहळू पायवाटेनं एकेक बाई यायला लागली. कुणाकडं वांगी, कुणाकडं अंबाडीची भाजी, कुणाकडं लेकरू. एक पोटुशी लेक माहेराहून सासरी निघालेली, तिच्या आईनं बांधून दिलेलं गाठोडं सांभाळत. एक म्हातारी कारंज्याच्या गुरुमंदिरात निघालेली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान ते, गुरुवारी तिकडं गर्दी असायचीच. दहा मिनिटांत त्या ओसाड फलाटाचा पार झाला. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी राहिलं नाही, सगळ्या बातम्या तिथं. आत्यानं मला ओळख करून दिली, "ही माह्या भावाची, रिसोडची. शिकून रायली."

मग रुळाला कान लावायला गेलेली पोरं ओरडली आणि लांबून धूर दिसला. तेव्हा शकुंतलेला वाफेचं इंजिन होतं. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन १९२३ पासून या लाइनीवर धावत होतं. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल १९९४ ला, ते काढून डिझेलचं लावलं. मी त्याचा शेवटचा उन्हाळा पाहिला असं आता कळतं. तेव्हा नुसतं वाटलं, केवढासा तो डबा आणि केवढा तो आवाज!

गाडी थांबली. मागच्या डब्यातून गार्डसाहेब उतरले, खांद्याला थैली. तेच तिकीट देणार, तेच पैसे घेणार, तेच शिट्टी वाजवणार! बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. बाबांनी जाताना मला पैसे दिले होते. मी पटकन दोघींचे पैसे पुढं केले. आत्यानं माझा हात मागं सारला. पदराची गाठ सोडली, त्यातून चिल्लर काढली, मोजली आणि म्हणाली, "साहेब, दोन द्या. एक माह्यं, एक माह्या पाहुणीचं."

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, "अगं, मी दिले असते की." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी मिठापासून सारं मांगून घ्या लागते पोरी. हे एक मी मांगत नाई."

तेव्हा ते वाक्य मला नीट कळलं नाही. कळायला तीस वर्षं लागली.

*

शकुंतलेची गोष्ट पेपरात नेहमी गंमत म्हणूनच येत राहिली. आहेच ती गमतीची! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईच्या बंदरात, पुढं मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावानं ही लाइन टाकली. स्वातंत्र्य आलं, देशातल्या सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं! वर्षानुवर्षं या कराराच्या बातम्या यायच्या आणि आम्ही वाचून म्हणायचो, "घ्या! इंग्रज गेला पण रूळ विसरून गेला."

दोन मालकांच्या भांडणात घराचं छप्पर गळतं तशी या लाइनीची गत झाली. देखभालीला पैसा कुणी घालायचा? रूळ इतके थकले की गाडीला ताशी वीस किलोमीटरच्या वर वेगच नव्हता. सायकलवाला तिच्याबरोबर गप्पा मारत जाईल! माणसं कमी होत गेली. शेवटच्या काळात जेमतेम सात कर्मचारी मिळून सगळं करायचे. सिग्नल त्यांनीच द्यायचा, इंजिन सोडायचं-जोडायचं त्यांनीच आणि तिकिटंही त्यांनीच द्यायची. बहुतेक स्टेशनांवर रेल्वेचा म्हणून एकही माणूस उरला नव्हता.

बाहेरून येणाऱ्यांना याचं फार कौतुक. कॅमेरे घेऊन यायचे, फोटो काढायचे. "किती छान, जुनं जुनं!" त्यांचं चुकलं असं नाही. पण त्या फोटोत मागं टोपलं घेऊन उभी असलेली बाई 'जुनं जुनं' म्हणून तिथं नव्हती. ती बाजाराला निघाली होती!

आणि कौतुकच करायचं तर खरंही सांगायला हवं. मास्तर नसलेलं स्टेशन म्हणजे बाईच्या दृष्टीनं काही गोड प्रकरण नव्हे. मास्तर नाही म्हणजे दिवा लावणारं कुणी नाही. संडास-मुतारीचं नाव नाही. पाण्याचा माठ भरणारं कुणी नाही. गाडी किती वेळानं येईल हे सांगणारं कुणी नाही. अंधार पडला आणि एकटीच बाई असली तर तिनं जिवाच्या करारावर उभं राहायचं. फलाट म्हणजे जमिनीबरोबर मुरूम. पोटुशी बाई डब्यात चढणार कशी, तर खालून दोघींनी ढकलायचं आणि वरून एकीनं ओढायचं. मी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी बायका येत होत्या. का? गाडी स्वस्त होती हे पहिलं. टोपल्याला कुणी नाक मुरडत नव्हतं हे दुसरं. आणि तिसरं, ते मला आत्यामुळं कळलं, की तिथं जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. स्टेशन गावाच्या पायाशी. चालत जायचं, उभं राहायचं, गाडी आली की चढायचं. दिराला 'मोटारसायकल काढता का' म्हणायला नको. पुतण्याची मर्जी बघायला नको. तिथं मास्तर नव्हता. पण खरं सांगू? बाईला अडवणारंही कुणी नव्हतं!

*

मग गाडी बंद झाली. आधी एक फाटा, मग दुसरा. पावसाळ्यात बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद असं करता करता एकदा कायमचीच. २०१६ मध्ये त्या वेळचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ही लाइन ब्रॉडगेज करायला मंजुरी दिली, सुमारे दीड हजार कोटींचा आकडा पेपरात आला. आम्ही आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "होऊ दे बाप्पा. मी हाय तवर झाली तं बरं."

नंतर नंतर आत्याचं फोनवरचं बोलणं कमी झालं. भाजी लावते का विचारलं तर म्हणायची, "लावतो थोडी घरापुरती." बाजाराला जाते का? "कुठी जातो आता!" मी समजायची, वय झालं. सत्तरी ओलांडली, थकली असेल. आपण लेकी-सुना, आपल्या संसारात. फोन ठेवला की संपलं.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी कारंज्याला गेले होते, तशीच पुढं तिच्या गावी गेले. दारात उभी राहिले तर तिनं मला ओळखलं नाही. "कोन हाय?" म्हणाली. मी बोलले तेव्हा आवाजावरून कळलं. "अवं, तू रिसोडची!" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक तर पार पिकलेला.

"आत्या, सांगितलं का नाहीस? कारंज्याला दाखवलं का नाहीस?"

"कोन नेईन?"

तेवढंच. तक्रार नव्हती त्यात. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "आम्ही म्हटलं होतं वं, पोरगा नेईन म्हून. याच म्हनते आज नको, उद्या नको." आणि त्याही खोटं बोलत नव्हत्या. पुतण्याची मुलं चांगली आहेत. पण त्यांना शेताची कामं, मजुरी बुडते. म्हातारीला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचं, दिवस मोडायचा, परत आणायचं. मोटारसायकलवर तिला भीती वाटते. काळी-पिवळी मुख्य रस्त्यावरून जाते आणि गावापासून फाटा अडीच किलोमीटर. नजर नसलेल्या बाईनं उन्हात एवढं चालायचं कसं?

मी एसटीची गोष्ट काढली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना एसटी फुकट आहे आणि २०२३ च्या मार्चपासून आपल्या सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आत्याचं वय आधार कार्डावर शहात्तर. आत्या म्हणाली, "फुकट हाय हे मले मालूम हाय. पन गाडी गावात आली पायजे न!"

मी गप्प झाले. तिकीट फुकट झालं, पण गाडीच उरली नव्हती. आणि जेव्हा गाडी होती, तेव्हा आत्याला तिकीट फुकट नको होतं! पदराच्या गाठीतून पैसे काढून ती घेत होती.

त्या रात्री तिच्या खोलीत पडल्या पडल्या मी हिशोब केला. गाडी होती तेव्हा भाजी कारंज्याला विकली जायची. गाडी गेली तेव्हा भाजी गावातच, व्यापारी देईल त्या भावाला. मग टोपलं काळी-पिवळीत चढवायचं तर टोपल्याचं वेगळं भाडं, त्यात नफा गेला. मग भाजीच कमी. भाजी कमी म्हणजे पदराची गाठ रिकामी. गाठ रिकामी म्हणजे डॉक्टरकडं जायलाही मागायचं. आणि मागायचं नाही म्हणून डोळे गेले तरी बोलायचं नाही! एक छोटी गाडी बंद होण्याचं टोक कुठं जाऊन पोचलं बघा. पेपरात मात्र एवढंच छापून येतं की तोट्यातली लाइन बंद.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन निघाले. वाटेत तिनं रिक्षा स्टेशनाजवळ थांबवायला लावली. दिसत नव्हतं, तरी वळण तिला बरोबर कळलं. खोलीचं छप्पर गेलंय. पाटीवरचं नाव पुसट. रुळांत तरोटा माजलेला, मधूनच बाभूळ उगवलेली. पण फलाटाची जागा स्वच्छ झाडलेली होती, कारण गावातल्या बायका तिथं सोयाबीन वाळवतात. आत्यानं कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावला, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "चाल. डॉक्टर निंघून जाईन."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचंही झालं. आता तिला दिसतं. भाजीचे चार वाफे पुन्हा लावलेत असं परवाच फोनवर सांगत होती.

*

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी गेली, जाऊ द्या. मोठी येईल, जोरात येईल. येऊ दे की! मला त्या धुराच्या इंजिनाचं वेड नाही. यवतमाळकरांनी तर वाट पाहून पाहून २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब ही नवी ब्रॉडगेज लाइन सुरू झालेली पाहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा तो पहिला तुकडा. आपल्या शकुंतलेच्या जागी मोठी गाडी यावी म्हणून मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. त्यांना माझा पाठिंबा.

माझा प्रश्न एवढाच आहे, की मोठी गाडी आली तर ती थांबेल कुठं?

आमच्या वाशीमच्या लाइनीवर बघा. ब्रॉडगेज झाली, दूरच्या गाड्या सुरू झाल्या, फार चांगलं झालं. पण त्या गाड्या केकतउमरा, जऊळका, अमानवाडी अशा स्टेशनांवरून शिट्टी वाजवत निघून जातात. तिथं थांबते ती पॅसेंजर. २०२० मध्ये कोरोनात पॅसेंजर बंद झाल्या आणि जेव्हा परत आल्या तेव्हा कमीत कमी दहा रुपयांच्या तिकिटाचे तीस झाले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दहा झाले. मधल्या काळात लहान स्टेशनावरच्या बाईनं काय केलं असेल? बहुतेक घरीच बसली असेल. त्याच २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेनं अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलतही थांबवली.

वेगवान गाडीला दर पाच-सात किलोमीटरवर थांबणं परवडत नाही, हे मलाही कळतं. लहान स्टेशनावर पगारी मास्तर बसवणं परवडत नाही, हेही कळतं. पण मास्तर नाही म्हणजे स्टेशनच नको, हे काही खरं नाही. रेल्वेतच याला एक जुना तोडगा आहे. देशभर कितीतरी ठिकाणी 'हॉल्ट' स्टेशनं आहेत, तिथं रेल्वेचा नोकर नसतो. जवळच्याच गावातल्या शिकलेल्या माणसाला तिकीटविक्रीचं काम देतात, त्याला हॉल्ट एजंट म्हणतात. विकलेल्या तिकिटांवर त्याला कमिशन मिळतं. पगाराचा बोजा नाही आणि स्टेशनावर माणूसही आहे!

मग माझ्या मनात येतं, हा एजंट गावातला बचत गट का नसावा?

हसू नका. मुंबईत माटुंगा स्टेशन २०१७ पासून बायकांनी चालवलंय. मॅनेजर बाई, तिकीट देणारी बाई, बंदोबस्ताला बाई. तेव्हा पेपरात किती कौतुक झालं होतं! मुंबईच्या गर्दीत जे जमतं ते दिवसातून दोनदा गाडी येणाऱ्या स्टेशनावर जमणार नाही? आपल्या गावोगावच्या बचत गटाच्या बायका पैशाचा हिशोब पै-पैचा ठेवतात. बँका त्यांना कर्ज देतात ते काही उगाच नाही. त्यांच्या हातात तिकिटाची खिडकी द्या. दिवा त्या लावतील, माठ त्या भरतील, संडासाची किल्ली त्यांच्याकडं राहील आणि अंधारात उभ्या असलेल्या एकट्या बाईला 'गाडी येऊन रायली, बस इथं' म्हणायला कुणीतरी असेल. दोन पैसे गटाला, सोय गावाला.

माझी ही कल्पना एकदम भाबडी आहे असं आमचे हे म्हणतात. "तू पेपरात लिहिलंस म्हणून रेल्वे ऐकणार का?" नाही ऐकणार कदाचित. पण जेव्हा कधी या लाइनीचे नकाशे निघतील आणि कुठलं स्टेशन ठेवायचं नि कुठलं गाळायचं हे ठरेल, तेव्हा प्रवासी मोजले जातील, मालाचे टन मोजले जातील. पदराला गाठ मारून फलाटावर उभी राहणारी बाई त्या आकड्यात कुठं बसते, हे विचारायला आपल्यापैकी कुणीतरी हवं. ग्रामसभेत विचारा. निवेदनावर सही करायला पुरुष मंडळी घरी आली की आपली पण सही करा आणि खाली एक ओळ लिहा, "गाडी आमच्या गावात थांबली पाहिजे."

जपानच्या त्या मुलीची गोष्ट आपण भराभर पुढं पाठवली. एका मुलीसाठी गाडी थांबते याचं आपल्याला एवढं अप्रूप! पण आपल्याकडची गाडी कितीतरी आत्यांसाठी वर्षानुवर्षं थांबत होती आणि ती थांबायची बंद झाली तेव्हा ग्रुपवर कुणी काही पाठवलं नाही. मी तरी कुठं पाठवलं?

आत्याला मी सगळं फोनवर सांगितलं. बचत गट, हॉल्ट एजंट, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते सारं ठीक हाय. पन तिकीट त्या बायका फुकट नको देवू म्हना. मी पैसे देईन."